कमी पैशांत चांगली इलेक्ट्रिक गिटार: काय बघावं, कसं तपासावं

स्वस्त इलेक्ट्रिक गिटार वाईटच असणार, हा समज आता सोडून द्यायला हवा. नेकचा (गिटारच्या लांब दांड्याचा) आकार, फ्रेट (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) बसवायचे काप, पिकअपसाठीच्या (तारांचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणाऱ्या भागांसाठीच्या) खोबणी ही सगळी कामं आज संगणकावर चालणारी यंत्रं करतात, आणि ती स्वस्त गिटारचं लाकूडही अचूकच कापतात. कारखाना पैसे वाचवतो तो पुढच्या हातकामात. फ्रेटची टोकं घासून गुळगुळीत करणं, सगळे फ्रेट एका पातळीत आणणं, नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्यावर टेकतात त्या छोट्या पट्टीच्या) खाचा योग्य तेवढ्याच खोल करणं, तारांची उंची जुळवणं याला माणूस लागतो आणि वेळ लागतो. कमी किमतीच्या गिटारच्या वाट्याला हा वेळ थोडाच येतो. म्हणूनच एकाच मॉडेलच्या, एकाच रंगाच्या दोन गिटार शेजारी ठेवल्या तर एक सहज वाजते आणि दुसरी बोटांना छळते.

गिटारच्या भागांचे सरळ दोन गट पडतात. तारा, पिकअप, चाव्या (तारा सुरात लावायच्या खुंट्या), नट, ब्रिज (बॉडीवर तारा ज्यावर टेकतात तो भाग), व्हॉल्यूम-टोनचे पॉट (नॉबखालचे फिरते भाग), जॅक (केबल लावायची जागा) हे सगळं पुढे कधीही आणि एकेक करून बदलता येतं. नेक आणि त्यावरचे फ्रेट मात्र बिघडलेले असतील, तर दुरुस्तीचा खर्च गिटारच्या किमतीच्या आसपास जातो. हात आखडता असताना आपण खरं तर एक चांगला नेक विकत घेत असतो. पुढच्या प्रत्येक पायरीवर हे लक्षात ठेवा.

पायरी १: आधी पैशांची वाटणी

सगळी रक्कम गिटारवर घालवू नका. इलेक्ट्रिक गिटार एकटी वाजत नाही. तिला ॲम्प (गिटारचा आवाज मोठा करून ऐकवणारा स्पीकरचा डबा) किंवा त्याचं काम करणारं काहीतरी लागतं, केबल लागते आणि पहिल्याच महिन्यात तारांचा नवा संच लागतो. तुमच्याकडे १०० भाग पैसे आहेत असं धरलं, तर साधारण ६० भाग गिटारला, २५ ॲम्पला आणि उरलेले १५ केबल, पट्टा, पिक, तारा आणि सेटअपला ठेवा. घरात आधीच संगणक आणि बरे हेडफोन असतील तर ॲम्पचा वाटा कमी करून गिटारकडे वळवता येतो. ते कसं, हे पुढे ॲम्पच्या पायरीत सांगितलं आहे.

सेटअपचे पैसे वेगळे काढून ठेवणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाणकार माणसाने तारांची उंची, नेकचा बाक आणि नटच्या खाचा जुळवून दिलेली साधी गिटार, खोक्यातून तशीच काढलेल्या दुप्पट किमतीच्या गिटारपेक्षा चांगली वाजू शकते. नवीन शिकणाऱ्याला तर हा फरक जास्तच जाणवतो. तारा उंच असतील तर बॅरे कॉर्ड (एकाच बोटाने सगळ्या तारा दाबून धरायचा कॉर्ड) लागत नाही, आणि शिकणाऱ्याला वाटतं की आपल्याच बोटांत ताकद नाही. कित्येक जण याच टप्प्यावर वाजवणं सोडतात, आणि दोष त्यांचा नसतो.

गिटार, ॲम्प, केबल, पट्टा असं सगळं एकाच खोक्यात देणारे संच मोहात पाडतात. त्यातली गिटार बरी असू शकते, पण ॲम्प बहुतेक वेळा नावापुरताच असतो. लहान स्पीकरचा, पातळ आवाजाचा. तीच गिटार सुटी मिळत असेल तर सुटी घ्या.

पायरी २: आवाज ठरवा, म्हणजे पिकअप ठरतील

दुकानात जाण्याआधी तुम्हाला आवडणारी पाच-सहा गाणी पुन्हा ऐका आणि त्यांतली गिटार स्वच्छ आहे की जाड, फाटलेल्या आवाजाची आहे ते बघा. पिकअपची निवड यावरून होते.

सिंगल कॉइल पिकअपमध्ये चुंबकाभोवती तारेचं एकच वेटोळं असतं. आवाज मोकळा, धारदार, सूर सुटे सुटे ऐकू येणारा. फंक, ब्लूज, स्वच्छ कॉर्ड यांना तो शोभतो. अडचण एकच: आसपासच्या विजेच्या तारा, चार्जर, दिवे यांची गुणगुण तो पकडतो, आणि डिस्टॉर्शन (आवाज मुद्दाम फाडणारा परिणाम) वाढवलं की ती गुणगुणही वाढते. हंबकरमध्ये दोन वेटोळी एकमेकांच्या उलट जोडलेली असतात, त्यामुळे गुणगुण आपोआप कापली जाते आणि आवाज जाड, भरीव येतो. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर यांनी १९५५ च्या सुमारास हे पिकअप तयार केलं ते या गुणगुणीवर उपाय म्हणूनच. हार्ड रॉक आणि मेटल वाजवायचं असेल तर निदान ब्रिजजवळ तरी हंबकर हवाच.

अजून काहीच ठरलेलं नसेल तर ब्रिजजवळ हंबकर आणि मध्ये व नेकजवळ सिंगल कॉइल अशी मांडणी घ्या. तिला एचएसएस म्हणतात. एका गिटारमध्ये दोन्ही स्वभाव मिळतात आणि सहा महिन्यांनी आवड बदलली तरी गिटार बदलावी लागत नाही. पहिल्या गिटारसाठी माझी शिफारस बहुतेकांना हीच असते.

पिकअप अल्निको चुंबकाचे की सिरॅमिकचे, यावर वेळ घालवू नका. स्वस्त गिटारमध्ये बहुतेक सिरॅमिक असतात. ते थोडे तिखट वाजतात, पण टोनचा नॉब थोडा खाली घेतला की बऱ्यापैकी सावरतात.

पायरी ३: ब्रिज शक्यतो स्थिर घ्या

या बाबतीत मी ठाम आहे. दांडी हलवून सूर खालीवर करायची सोय, म्हणजे ट्रेमोलो, स्वस्त गिटारमध्ये बहुतेक वेळा त्रासच देतो. त्याचे धातूचे भाग मऊ असतात, ब्रिज ज्या कडेवर टेकून हलतो ती कड लवकर झिजते, आणि दांडी वापरली की तारा मूळ सुरावर परत येत नाहीत. नवीन माणसाचा कान अजून तयार व्हायचा असतो. त्याने सतत बेसूर गिटारवर सराव केला तर नुकसान मोठं होतं.

फ्लॉइड रोझ पद्धतीचा, तारा दोन्ही टोकांना कुलूपबंद करणारा ब्रिज कमी पैशांत अजिबात घेऊ नका. चांगल्या प्रतीचा असेल तर तो अप्रतिम सूर धरून ठेवतो, पण त्याची स्वस्त नक्कल तसं करत नाही. शिवाय एक तार तुटली की तरंगत्या ब्रिजचा तोल जाऊन बाकीच्या पाचही तारा बेसूर होतात, आणि तारा बदलणं हे अर्ध्या तासाचं किचकट काम होऊन बसतं.

आवडलेली गिटार साध्या ट्रेमोलोचीच असेल तर ती सोडायची गरज नाही. मागचं झाकण काढा. आत स्प्रिंग ज्या पट्टीला अडकवलेल्या असतात तिचे दोन स्क्रू थोडे थोडे आवळत जा. ब्रिज बॉडीला सपाट टेकला की तो जवळपास स्थिर ब्रिजसारखाच वागतो. दांडी काढून ठेवा. पुढे कधी हवीशी वाटली तर स्क्रू परत सैल करता येतात.

पायरी ४: लांबी, नेक आणि तुमचा हात

नटपासून ब्रिजपर्यंत तारेचा जो भाग वाजतो त्याला स्केल म्हणतात. फेंडर कंपनीच्या घराण्यातल्या बहुतेक गिटारचा स्केल २५.५ इंच म्हणजे सुमारे ६४८ मिलिमीटर असतो, गिब्सन घराण्याचा साधारण २४.७५ इंच म्हणजे ६२८ मिलिमीटर. फरक छोटा दिसतो, पण लहान स्केलवर फ्रेट किंचित जवळ येतात आणि त्याच सुरासाठी तारेचा ताण कमी लागतो. बोटं लहान असतील, किंवा तारा खेचून सूर चढवताना त्रास होत असेल, तर लहान स्केल सोपा जातो. फेंडरच्या मस्टँग जातीच्या गिटारचा स्केल तर २४ इंचच असतो. लहान मुलांसाठी आयबानेझची मायक्रो, स्क्वायरची मिनी स्ट्रॅट अशा २२-२३ इंचांच्या गिटार आहेत. पण मूल बारा-तेरा वर्षांचं असेल तर सरळ मोठी गिटार घ्या. छोटी दोन वर्षांत अपुरी पडते आणि पैसे दोनदा जातात.

नेक जाड की पातळ, हे कागदावर वाचून ठरत नाही. हातात घेऊन पहिल्या फ्रेटवर एफ कॉर्ड धरून बघा. अंगठ्याच्या मुळाशी लगेच ताण येत असेल तर दुसरी गिटार बघा. बसून आणि उभं राहून, दोन्ही प्रकारे धरा. उभं असताना हात सोडल्यावर नेक खाली झुकत असेल तर डावा हात सतत तो पेलत राहील. गिब्सनच्या लेस पॉलसारख्या काही गिटार चार किलोंच्याही पुढे जातात, आणि तासाभराच्या सरावानंतर ते वजन खांद्याला कळतं.

डावखुऱ्यांनी डावखुरी गिटार मागायला संकोच करू नये. पर्याय कमी मिळतात, पण जवळजवळ प्रत्येक मोठ्या ब्रँडची एखादी तरी स्वस्त डावखुरी गिटार असते.

लाकडावर फार विचार करू नका. पॉप्लर, बासवुड, अगाथिस यांपैकी काहीही चालेल. फ्रेटबोर्ड रोजवुडऐवजी लॉरेलचा दिसला तर तो कमअस्सल समजू नका. २०१७ मध्ये रोजवुडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर कडक नियम आल्यावर अनेक कंपन्या लॉरेलकडे वळल्या, आणि वाजवताना त्याने काही बिघडत नाही.

पायरी ५: कोणत्या घराण्यात शोधायचं

मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे स्वस्त ब्रँड आहेत, आणि कमी पैशांत तिथूनच सुरुवात करणं शहाणपणाचं. फेंडरचा स्वस्त ब्रँड स्क्वायर. त्यात सॉनिक ही खालची मालिका, तिच्यावर अफिनिटी आणि त्याच्याही वर क्लासिक व्हाइब. सॉनिकमध्ये स्थिर ब्रिजची स्ट्रॅट (फेंडरचं स्ट्रॅटोकास्टर मॉडेल) मिळते आणि टेलिकास्टर तर मुळातच स्थिर ब्रिजची. जुन्या बाजारात बुलेट नावाची मालिका दिसेल. ती सॉनिकच्या आधीची, आणि चांगल्या स्थितीत असेल तर घेण्यासारखी.

टेलिकास्टरबद्दल दोन वाक्यं जास्त लिहितो, कारण कमी पैशांत तिच्याइतकी भरवशाची रचना मला दुसरी दिसत नाही. लिओ फेंडर यांनी १९५० च्या आसपास ती बाजारात आणली ती कारखान्यात पटकन बनावी आणि पटकन दुरुस्त व्हावी म्हणूनच: सपाट बॉडी, स्क्रूने बसवलेला नेक, दोन पिकअप, एक स्विच, दोन नॉब. बिघडायला फारसं काही नसतं, आणि जे बिघडतं ते साध्या हत्यारांनी उघडतं.

गिब्सनचा स्वस्त ब्रँड एपिफोन. लेस पॉलचा जाड आवाज हवा असेल तर इथे बघा. सगळ्यात स्वस्त लेस पॉल स्पेशल जातीच्या गिटारमध्ये नेक चिकटवलेला नसून स्क्रूने बसवलेला असतो. त्याला कमीपणा मानू नका, दुरुस्तीच्या दृष्टीने तो फायदाच आहे.

यामाहाची पॅसिफिका १९९० पासून बाजारात आहे आणि नवशिक्यांना ती जी सुचवली जाते ते योग्यच आहे. ०१२ हे स्वस्त मॉडेल आणि ११२ त्याच्या वरचं. दोन्हींत एचएसएस मांडणी. जमत असेल तर थोडं थांबून ११२ घ्या. तिची बॉडी अल्डरची असते, जोडणी नेटकी असते आणि एका गिटारपासून दुसऱ्या गिटारपर्यंत दर्जा फारसा हलत नाही, जे या किमतीत दुर्मीळ आहे. मेटलकडे ओढा असेल तर आयबानेझची जिओ मालिका बघा. त्यातल्या जीआरजी १२१ डीएक्समध्ये दोन हंबकर आणि स्थिर ब्रिज आहे. जॅक्सनची जेएस मालिकाही याच वळणाची. कॉर्ट ही कंपनी वर्षानुवर्षं इतर नामवंत ब्रँडसाठी गिटार बनवत आली आहे. स्वतःच्या नावाने ती विकते त्या गिटारमध्ये त्याच पैशांत बरेचदा जास्त मिळतं, कारण नावाची किंमत कमी असते.

पायरी ६: नवी की वापरलेली

ओळखीत कोणी जाणकार असेल तर वापरलेली घ्या. गिटार घेऊन काही महिन्यांत सोडून दिलेल्यांची संख्या मोठी आहे, आणि त्यांच्या गिटार जवळपास नव्यासारख्या असतात. त्याच पैशांत एक पायरी वरचं मॉडेल हाती येतं. जाणकार सोबत नसेल, आणि पुढची तपासणी स्वतः करायचा विश्वास वाटत नसेल, तर परत करायची सोय असलेल्या दुकानातून नवी घ्या.

वापरलेल्या गिटारमध्ये रंगावरचे ओरखडे, उडालेले टवके यांनी काही बिघडत नाही. उलट भाव करायला ते उपयोगी पडतात. तीन गोष्टी दिसल्या तर मात्र किंमत कितीही कमी असली तरी नाही म्हणा. एक, नेक आणि हेडस्टॉक (चाव्या बसवलेला वरचा शेंडा) जोडतात तिथली भेग किंवा चिकटवल्याची रेघ. मागे कललेल्या हेडस्टॉकच्या, लेस पॉल वळणाच्या गिटारमध्ये ही जागा नाजूक असते, पडली की तिथेच तुटते. दोन, पहिल्या पाच फ्रेटवर तारांखाली पडलेल्या खोल खाचा. तीन, ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवणारी धातूची सळई) फिरवायचा घासून गोल झालेला बोल्ट, ज्यात किल्ली धरतच नाही.

मोठ्या ब्रँडचं नाव आणि अविश्वसनीय किंमत एकत्र दिसली तर हेडस्टॉकवरच्या नावाची अक्षरं, सिरियल नंबर आणि हार्डवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरच्या छायाचित्रांशी ताडून बघा. नकली गिटार भरपूर फिरतात.

पायरी ७: हातात घेऊन तपासणी

यासाठी अर्धा तास काढा. दुकानदाराने घाई केली तर पुन्हा येतो म्हणून सांगा. सोबत ट्युनर असू द्या, फोनवरचं ॲपही चालेल.

सुरुवात ॲम्पला न जोडता करा. गिटार आधी सुरात लावा. मग बॉडीच्या टोकाकडून, डोळ्याच्या रेषेत धरून नेककडे बघा. फ्रेटबोर्डच्या दोन्ही कडा एकमेकींना समांतर दिसल्या पाहिजेत. एक कड पुढे जाता जाता वळलेली दिसत असेल तर नेकला पीळ पडला आहे. हा दोष ट्रस रॉडने जात नाही. ती गिटार तिथेच ठेवा.

आता बाक तपासा. डाव्या हाताने सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटवर दाबा, उजव्या हाताने तीच तार नेक बॉडीला मिळतो तिथे दाबा, आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार व फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. पातळ व्हिजिटिंग कार्डाएवढी, म्हणजे पाव मिलिमीटरच्या आसपास फट उत्तम. फट थोडी जास्त असेल किंवा अजिबात नसेल तर घाबरू नका, ट्रस रॉड फिरवून ती सुधारते. मात्र दुकानदाराला ती तुमच्यासमोर सुधारून द्यायला सांगा, म्हणजे रॉड काम करतो याचीही खात्री होते.

बाराव्या फ्रेटवर तारांची उंची मोजा. फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत बारीक तारेला दीड ते पावणेदोन मिलिमीटर आणि जाड तारेला दोनच्या आसपास असेल तर छान. तीन मिलिमीटर दिसले तर ब्रिजवरचे सॅडल (प्रत्येक तार टेकते ते छोटे तुकडे) खाली घ्यायला जागा आहे का ते बघा. सॅडल आधीच तळाला टेकलेले असतील आणि तरीही तारा उंच असतील तर नेक चुकीच्या कोनात बसला आहे.

मग फ्रेट. हे काम कंटाळवाणं आहे, पण तपासणीतला सगळ्यात मोलाचा भाग हाच. सहाही तारांवर, पहिल्या फ्रेटपासून शेवटच्यापर्यंत, प्रत्येक जागी एकेक सूर स्वच्छ वाजवा आणि कान देऊन ऐका. गिटार वाजवता येत नसली तरी हे करता येतं. सगळीकडे थोडी थोडी झर्रझर्र येत असेल तर तारा खूप खाली आहेत, सेटअपने जाईल. फक्त पहिल्या चार-पाच फ्रेटवर येत असेल तर नेकला बाक कमी आहे, तेही जाईल. तार मोकळी सोडल्यावरच झर्रझर्र होत असेल तर नटची खाच जास्त खोल गेली आहे. नट बदलावा लागेल, पण तो खर्च मोठा नाही. एखाद्याच जागी सूर मेला, किंवा दाबलेल्या फ्रेटऐवजी पुढच्या फ्रेटचाच सूर ऐकू आला, तर पुढचा फ्रेट वर आलेला आहे. एखादा असेल तर कारागीर ठोकून किंवा घासून नीट करतो. चार-पाच ठिकाणी असेल तर दुसरी गिटार बघा.

बारा ते पंधराव्या फ्रेटवर बारीक तार वर ढकलून सूर चढवा. सूर चढता चढता अचानक गुदमरला तर तिथे फ्रेट असमान आहेत. शेवटी नेकच्या दोन्ही कडांवरून तळवा वर-खाली फिरवा. लाकूड सुकून आकसलं की फ्रेटची टोकं बाहेर डोकावतात आणि बोटांना टोचतात. टोकं घासून घेता येतात, पण त्याचे पैसे धरून भाव करा.

नट उंच असणं हा स्वस्त गिटारचा नेहमीचा दोष. ओळखायची युक्ती अशी: तार तिसऱ्या फ्रेटच्या किंचित अलीकडे, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबा आणि पहिल्या फ्रेटवर बघा. तार आणि फ्रेट यांत केसाएवढीच फट हवी. ती स्पष्ट मोठी दिसली तर पहिल्या तीन फ्रेटवरचे साधे कॉर्डसुद्धा तीव्र, म्हणजे योग्य सुरापेक्षा चढे वाजतील, मोकळ्या तारा कितीही सुरात असल्या तरी. सेटअप करणाऱ्याला हे आवर्जून सांगा.

सुरात लावताना तारेतून मध्येच टिंग असा आवाज आला तर ती नटच्या खाचेत अडकते आहे. गिटार सुरात राहत नाही म्हणून बरेच जण चाव्या बदलतात आणि दोष तसाच राहतो, कारण तो नटमध्ये असतो. मऊ पेन्सिलीचं शिसं खाचेत घासलं की बरेचदा काम होतं.

आता ॲम्पला जोडा, डिस्टॉर्शन बंद ठेवून. पिकअपचा स्विच प्रत्येक जागी फिरवून बघा, आवाज प्रत्येक ठिकाणी यायलाच हवा आणि बदलायलाही हवा. व्हॉल्यूम आणि टोनचे नॉब पूर्ण फिरवा. खरखर आली तर पॉटमध्ये धूळ आहे, काँटॅक्ट क्लीनरच्या फवाऱ्याने जाते. केबलचा प्लग हलकेच हलवा. आवाज तुटत असेल तर जॅक सैल आहे किंवा आतल्या तारेचा डाग (सोल्डर) सुटला आहे, तेही किरकोळ काम. तारांना हात लावल्यावर गुणगुण कमी झाली तर अर्थिंग नीट आहे. हात लावल्यावर वाढली तर आतली जोडणी किंवा तिथला विजेचा प्लग, यांपैकी काहीतरी चुकलं आहे. दुसऱ्या प्लगवर लावून खात्री करा.

पायरी ८: ॲम्प, किंवा त्याच्याऐवजी दुसरं काही

घरच्या सरावाला दहा वॅट पुरून उरतात. वॅटपेक्षा स्पीकरचा आकार आणि हेडफोनची सोय बघा. सहा-आठ इंचांचा स्पीकर, हेडफोनचा सॉकेट आणि गाणं लावून सोबत वाजवायला ऑक्स किंवा ब्लूटूथ, एवढं असलं की झालं. वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज आतच देणारे छोटे मॉडेलिंग ॲम्प नवशिक्याला जास्त उपयोगी पडतात, कारण डिस्टॉर्शन किंवा एको यांसाठी वेगळे पेडल घ्यावे लागत नाहीत.

संगणक असेल तर गिटारसाठी इन्स्ट्रुमेंट इनपुट असलेला छोटा ऑडिओ इंटरफेस (गिटारचा आवाज संगणकात नेणारं उपकरण) आणि मोफत मिळणारं ॲम्प सॉफ्टवेअर, हा माझ्या मते कमी पैशांतला सगळ्यात चांगला आवाज. रेकॉर्डिंगही त्यातच होतं. गिटार थेट घरच्या स्पीकरला किंवा फोनला जोडू नका. गिटारचा सिग्नल क्षीण असतो आणि त्याला वेगळ्या प्रकारचा इनपुट लागतो, नाहीतर आवाज बुजलेला येतो. त्यात डिस्टॉर्शन पेडल लावलं तर कान किटतात, कारण गिटार ॲम्पचा स्पीकर सुमारे ५ किलोहर्ट्झच्या वरची कर्कश धार मुळातच गाळतो आणि घरचा स्पीकर ती पूर्ण ऐकवतो.

केबल मात्र बरी घ्या. तीन मीटरची पुरते. सगळ्यात स्वस्त केबल प्लगपाशी तुटते आणि आवाज गेला की दोष गिटारवर येतो.

पायरी ९: घरी आणल्यावर

ऑनलाइन मागवली असेल तर खोकं उघडल्याच्या दिवशीच पायरी ७ पूर्ण करा आणि परत करायची मुदत संपेपर्यंत खोकं, कागद, प्लास्टिक काहीही टाकू नका. वापरलेली गिटार छायाचित्रांवरून घेत असाल तर विक्रेत्याकडून तीन छायाचित्रं आवर्जून मागा: पहिल्या पाच फ्रेटचं जवळून, हेडस्टॉकच्या मागच्या बाजूचं आणि बॉडीच्या टोकाकडून नेकच्या रेषेत घेतलेलं.

सेटअप कारागिराकडून करून घेणार नसाल तर पुढचा क्रम मोडू नका, कारण प्रत्येक पायरीने पुढची किंचित बदलते. आधी नव्या तारा चढवा. फेंडर स्केलवर ०९ ते ४२ चा (आकडे तारांच्या जाडीचे, इंचाच्या हजाराव्या भागात) संच बोटांना सोपा, गिब्सन स्केलवर १० ते ४६ बरा. सुरात लावा. मग ट्रस रॉड. घड्याळाच्या दिशेने फिरवला की नेक सरळ होतो, उलट फिरवला की बाक वाढतो. एका वेळी पाव फेऱ्यापेक्षा जास्त नाही, फिरवून पुन्हा सुरात लावायचं, आणि किल्ली जड लागली की थांबायचं. त्यानंतर सॅडलचे स्क्रू फिरवून तारांची उंची. मग इंटोनेशन (नेकवर सगळीकडे सूर बरोबर यावेत म्हणून केलेली जुळणी): बाराव्या फ्रेटच्या बरोबर वर तारेला बोट नुसतं टेकवून येणारा हार्मोनिक आणि तीच तार तिथे दाबून येणारा सूर ट्युनरवर जुळवायचे. दाबलेला सूर तीव्र असेल तर सॅडल मागे, नेकपासून दूर सरकवा. कोमल (उतरलेला) असेल तर पुढे. शेवटी पिकअपची उंची. शेवटच्या फ्रेटवर तार दाबली असता पिकअप आणि तार यांत दोन-अडीच मिलिमीटर अंतर ठेवून बघा आणि कानाला पटेल तसं थोडं खालीवर करा. स्वस्त पिकअप बऱ्याचदा फार वर चढवलेले असतात. ते थोडे खाली घेतल्यावर कर्कशपणा जातो आणि सूर जास्त वेळ टिकतो. याला एक स्क्रूड्रायव्हर पुरतो.

सुधारणांवर लगेच खर्च करू नका. काही महिने वाजवल्यावर नेमकं काय खटकतं ते कळेल, आणि तेव्हा बदलायचा क्रम असा ठेवा: आधी नट, मग चाव्या, आणि पिकअप सगळ्यांत शेवटी. मूळचे काढलेले भाग एका पिशवीत जपून ठेवा. गिटार पुढे विकायची वेळ आली तर ते परत बसवून द्या आणि चांगले पिकअप पुढच्या गिटारसाठी स्वतःकडे ठेवा.